पाचशे कोटींची शिरगणती

आमच्या घरात माणसं चार आणि संडास एक. एवढं वाचून ज्यांना पुढची गोष्ट आपोआप कळली, ते माझे लोक. ज्यांच्याकडे माणशी एक संडास आहे त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. ‘हागणं’ हा शब्द छापलेला बघून ज्यांना घेरी येते त्यांनीही. मला या लाजेचा मनापासून राग आहे. लोक चारचौघांत हृदयाच्या झडपा पदकांसारख्या मिरवतात, साखरेचे आकडे मुलाच्या गुणांसारखे सांगतात. पण पोट साफ होत नाही हे सांगायची वेळ आली की धिप्पाड माणूसही वाकतो, इकडेतिकडे बघतो आणि पुटपुटतो, ‘जरा तो त्रास आहे.’ तो कोण? सावकार?

तर माझ्या सासऱ्यांना तो त्रास होता. ते आमच्याकडेच राहतात. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ते आत जात आणि कडी लागे. सोबत वर्तमानपत्र नेत नसत, कारण या कामात गंमत मिसळलेली त्यांना चालत नाही. बाहेर आम्ही उभे. मुलगी तोंडात ब्रश धरून, बायको गॅसवर काहीतरी ठेवून, मी टॉवेलवर. आतून जराही आवाज नाही. मग केव्हातरी कडी उघडे आणि खटला हरलेल्या वकिलासारखे ते बाहेर येत. कोणी काही विचारत नसे. आम्ही एकामागून एक आत जात असू आणि आपलं काम इतक्या सहज उरकलं म्हणून चोरासारखे बाहेर येत असू. पोट साफ असण्याचीसुद्धा शरम वाटते, हे मला त्या काळात कळलं.

पण आमचा खोळंबा ही काही खरी अडचण नव्हती. कार्यालयात उशिरा पोहोचल्याबद्दल साहेबांची बोलणी मी लग्नाआधीपासून खातो आहे. खरी अडचण ताटात होती. सासऱ्यांनी एक हिशेब मांडला होता: जे आत गेलंच नाही, ते बाहेर यायचा प्रश्न नाही. आधी फळं सुटली, मग भात निम्मा झाला, मग पाणी घोटाघोटावर आलं. एकदा बायको दोरीवर त्यांचा शर्ट वाळत घालत होती. तो दोन्ही हातांनी ताणून धरत म्हणाली, “यात आता दोन बाबा मावतील.” ती विनोद करत नव्हती. शर्टाआड तिचं तोंड दिसत नव्हतं, आणि ती शर्ट खाली घेत नव्हती.

तेव्हा मी हे प्रकरण हातात घेतलं.

हातात घेतलं की ते इमारतीच्या हातात जातं. समोरच्या काकूंकडे पोट या एका विषयासाठी वेगळं कपाट आहे. त्यांनी पूड भरलेला एक डबा दिला. “माझ्या दिरांना याच्यानेच मोकळं झालं. एक चमचा, कोमट पाण्यात. सकाळी बघा!” सासऱ्यांनी दोन चमचे घेतले, कारण मागितल्याच्या निम्मंच मिळतं हे सरकारी नोकरीने त्यांच्या हाडात भिनवलं होतं. सकाळी काहीच झालं नाही. जे झालं ते दुपारी झालं. निवृत्त कर्मचाऱ्यांची सभा होती, आणि हे अध्यक्ष म्हणून मंचावर बोलायला उभे राहिले होते. सगळं लिहायची माझी तयारी आहे, पण ते माझे सासरे आहेत. घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली, डबा कचऱ्यात टाकला आणि आम्हाला तिघांनाही समोर उभं करून सांगितलं, “यापुढे माझ्या पोटात जो कोणी शिरेल, त्याची आधी चौकशी होईल.”

वरच्या मजल्यावर एक गृहस्थ श्वास शिकवतात. आम्ही त्यांना श्वासवाले म्हणतो. ते स्वतःहून खाली आले. “आधी मन मोकळं करा बाबा, मग पोट आपोआप.”

सासरे म्हणाले, “मन मोकळंच आहे. त्यात काही अडकलेलं नाही. अडकलंय ते एक वीत खाली.”

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, रक्त तपासलं, नळी घालून आतलंही बघून घेतलं. “वाईट असं काही नाही. पाणी वाढवा, चाला, चोथा असलेलं खा. आणि वाटलं तर या कॅप्सूल महिनाभर घेऊन बघा. चांगले जंतू असतात. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. हमी देत नाही.” मी तणतणत बाहेर आलो. छताच्या पंख्यालाही दोन वर्षांची हमी मिळते. आज वाटतं, त्या सगळ्या भानगडीत न फेकता बोललेल्या त्या पहिल्या बाई.

बाटली घरी आली. सासऱ्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतलं आणि लेबल मोठ्याने वाचलं. “प्रत्येक कॅप्सूलमध्ये पाचशे कोटी जिवंत जंतू.” थांबले. पुन्हा वाचलं. भिंग खाली ठेवलं.

“मोजले कोणी?”

इथे सांगायला हवं की माझ्या सासऱ्यांची अख्खी नोकरी जनगणनेच्या कार्यालयात गेली. प्रगणक म्हणून सुरुवात केली आणि पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले, तरी माणसं मोजायला ते स्वतः दारोदार हिंडत. पुलाखाली झोपलेली, जत्थ्याने भटकणारी, होडीत राहणारी. घरात उजेड आहे आणि दार उघडत नाही, तर तिथे ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जात, तिसऱ्या दिवशीही जात. अशा माणसाला तुम्ही पाचशे कोटींचा आकडा बाटलीवर चिकटवून देता!

“कंपनीने मोजले असतील, बाबा,” मी म्हणालो.

“कधी? कोणत्या पद्धतीने? मधे किती मेले, किती जन्मले? जावईबापू, गणनेची तारीख नसलेला आकडा म्हणजे अफवा. अफवा मी गिळत नाही.”

आणि त्यांनी ताट सरकवलं. त्यातला भात एखाद्या चिमणीला पुरला असता.

बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ होता, जा आणि तारीख घेऊन ये.

मी कार्यालयातून कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा, मग बासरी. शेवटी एक गोड आवाज आला. “सर, आपली तक्रार सांगा.”

“तक्रार नाही. तुमचे जंतू कोणी मोजले आणि कधी, एवढंच हवंय.”

“सर, शौचाला किती दिवसांतून होते?”

“मला रोज होते!” मी ओरडलो. आमच्या विभागात एवढी शांतता मी नोकरीत कधी अनुभवली नव्हती. टंकलेखक बाईंचा हात हवेतच राहिला. शिपाई म्हणाला, “अभिनंदन.” गोड आवाजाने मला वरिष्ठांकडे जोडलं. वरिष्ठांनी पत्र लिहायला सांगितलं. पत्राच्या उत्तरात कंपनीने माझ्या आतड्यांना निरोगी दीर्घायुष्य चिंतलं. मोजणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. या देशात, या जगात, साधा प्रश्न विचारणाऱ्याला शुभेच्छा देऊन हाकलतात. त्या शुभेच्छा मी फाडून टाकल्या.

तेव्हा बायकोला तिची आतेबहीण आठवली. ही सासऱ्यांची भाची, दूध डेअरीच्या प्रयोगशाळेची प्रमुख. दिवसभर यंत्रांच्या धडधडीत राहून तिचा आवाज असा झालाय की ती फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज नसते.

“आणा मामांना!” ती म्हणाली. आमच्या आधी ते काकूंना ऐकू गेलं.

डेअरीत आम्ही गेलो तेव्हा ती पांढऱ्या कोटात, कंबरेवर हात ठेवून उभी होती. “मामा, इतकी वर्षं बहिणीकडे फिरकला नाहीत, आणि आलात ते जंतू मोजायला?”

“तुझ्या आईला भेटेन नंतर. ती मोजलेली आहे,” सासरे म्हणाले. “आधी पद्धत सांग.”

तिने सांगितली. कॅप्सूल पाण्यात फोडायची. त्यातला दहावा भाग पुन्हा पाण्यात टाकायचा. त्यातला दहावा पुन्हा. असं करत इतकं पातळ करायचं की एकेक जंतू सुटा पडतो. मग ते पाणी काचेच्या बशीत, जंतूंच्या खाण्यावर पसरायचं आणि बशी उबेच्या कपाटात ठेवायची. “जो जिवंत आहे तो वाढतो. एकाचे दोन, दोनाचे चार. त्याचं एवढं मोठं कुटुंब होतं की नुसत्या डोळ्यांनी ठिपका दिसतो. ठिपके मोजायचे आणि जितकं पातळ केलं तितक्याने गुणायचं.”

“म्हणजे एक ठिपका म्हणजे एक घर,” सासरे हळू आवाजात म्हणाले.

“घरच समजा.”

“आणि मेलेला?”

“त्याचा ठिपकाच येत नाही.”

“बरोबर. मेलेल्याला आम्हीही मोजत नसू.” आणि खूप दिवसांनी मी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान बघितलं. मंचावरच्या त्या दुपारनंतर ते पहिल्यांदाच ताठ बसले होते.

बश्या तयार व्हायला वेळ लागतो. त्या बघायला पुन्हा गेलो. मोजणीची वेळ कार्यालयाच्या वेळेतच येत असल्यामुळे मला अर्ध्या दिवसाची रजा मागावी लागली. साहेबांनी कारण विचारलं. मी सरळ सांगितलं, “सासऱ्यांना जंतू मोजायला न्यायचंय.” त्यांनी पेन खाली ठेवलं. आता बोलणी, म्हणून मी मान खाली घातली. पण साहेब उठले, खोलीचं दार लोटलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मलाही जरा तो त्रास आहे. मोजल्याने फरक पडतो का?”

ज्या माणसाला मी इतकी वर्षं जन्मजात कडवट समजत होतो, तो नुसता तुंबलेला होता.

डेअरीत बश्या मांडलेल्या होत्या. सासऱ्यांनी भिंग लावलं. एक बशी बघितली, दुसरी बघितली, तिसरी उजेडाकडे धरली. रिकामी. एका बशीत कोपऱ्याला दोन ठिपके होते, पुरानंतर उरलेल्या झोपड्यांसारखे.

भाचीने माझ्याकडे मोर्चा वळवला. “भावजी, बाटली कुठे ठेवली होती?”

आता ऐका. सासऱ्यांना चारचौघांत या विषयाची वस्तू हाताळणं आवडत नाही. त्यांचा मान राखावा म्हणून मी बाटली टेबलावर ठेवली नव्हती. त्यांच्या कामाच्या जागी, रोज सकाळी नजरेसमोर राहील अशी ठेवली होती. आमचा संडास आणि न्हाणीघर एकच आहे.

“फळीवर,” मी म्हणालो. “गीझरच्या वर.”

“गीझरच्या वर! लेबलवर लिहिलंय उष्णतेपासून दूर, ओलीपासून दूर. आणि तुम्ही त्यांना रोज वाफेवर धरलंत? भावजी, शिजवलेत तुम्ही त्यांना!”

सासऱ्यांनी चष्मा काढला. “मी पूर पाहिलेत,” ते म्हणाले. “साथी पाहिल्यात. अख्खी वस्ती उठून गेलेली पाहिली आहे. पण एका माणसाने, एका फळीवर...”

इतक्या मोठ्या प्रमाणावर मी आयुष्यात काहीही केलं नव्हतं.

औषधवाल्याकडे नवी बाटली मागितली. “मागची संपली?” त्याने विचारलं. “मागची वारली,” मी म्हणालो. या खेपेला कसलाही धोका नको म्हणून भाचीने बर्फाची पेटी पाठवली होती. ती छातीशी धरून मी जिने चढून आलो. काकूंनी दार उघडलं.

“अगंबाई! रक्त?”

“नाही.”

“मग मूत्रपिंड? कोणाचं? तुमचं दिलंत?”

“जंतू आहेत, काकू. पाचशे कोटी.”

दार लागलं. मी घरात शिरेपर्यंत आणखी दारं लागल्याचे आवाज आले. संध्याकाळी श्वासवाले नाकावर रुमाल बांधून आले आणि दूर उभं राहून विचारून गेले, की इमारत सोडायची झाली तर आधी कोणत्या मजल्याने सोडावी.

मीही मनातून घाबरलोच होतो. माझ्या फ्रीजमध्ये, लोण्याच्या शेजारी, जगातल्या माणसांच्या तोडीची लोकसंख्या एकेका कॅप्सूलमध्ये गप्प बसून होती. मी फ्रीजचं दार हळू लावायला लागलो. मुलगी म्हणाली, “बाबा, ते झोपलेत. तुम्ही चवड्यांवर कशाला चालताय?” तरी मी चवड्यांवरच चालत राहिलो.

दुसऱ्या मोजणीच्या दिवशी भाचीने कपाट उघडलं, आणि आम्ही दोघेही पुढे वाकलो. बशीभर ठिपके. पांढरे, गोल, एकमेकांपासून अंतर राखून बसलेले. उंचावरून एखाद्या गावाचे दिवे दिसावेत तसे. सासऱ्यांनी तिच्या हातून पेन घेतलं. मोजणीची रीत अशी की बशी पालथी धरायची आणि मागच्या काचेवर एकेका ठिपक्याला शाईची खूण करायची, म्हणजे एकही दोनदा मोजला जात नाही.

“आम्ही दारांवर खडूने करायचो,” ते म्हणाले. “अगदी अशीच.”

ते एकेका ठिपक्यावर नेमकी खूण करत गेले.

त्यांची मोजणी आणि भाचीची मोजणी यांत एकाचा फरक आला. भाची म्हणाली, “जाऊ द्या हो मामा, एकाने काय होतंय?” त्यावर ते असं काही बघायला लागले की तिनेच तिसऱ्यांदा मोजायला घेतलं. दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले निघाले.

“चूल एक की दोन?” सासऱ्यांनी विचारलं.

“मामा, यांना चूल नसते.”

“मग दोन घरं धर. भावांची असतील.”

गुणाकार झाला. भाचीने आकडा सांगितला आणि सासरे खुर्चीत टेकले. लेबलवर पाचशे कोटी, बशीतून निघाले सातशे कोटींच्या आसपास.

“दोनशे कोटी बिननोंदीचे,” ते म्हणाले. “आयुष्यभर मी बिननोंदीचे शोधत फिरलो. आणि इथे, एवढ्याशा कॅप्सूलमध्ये...”

“कंपनी मुद्दाम जास्त भरते,” भाची म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “दुकानात पडून पडून काही मरणारच. तरी शेवटच्या तारखेला लेबलाएवढे उरले पाहिजेत ना.”

“म्हणजे मरणाऱ्यांची सोय करून पाठवतात.” त्यांनी बाटलीतली एक कॅप्सूल तळहातावर घेतली. “यांना मी एकटा ठेवू कुठे?”

“आत आधीच यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी आहेत, मामा. तुमच्या अंगात जितक्या पेशी, जवळजवळ तितके जंतू. हे नुसते पाहुणे. येतील, काम करतील, जातील.”

“म्हणजे माझ्या अंगात मी निम्माच?”

“साधारण.”

त्यांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. इतके महिने ते त्याच्याकडे दावा लावलेल्या भाऊबंदासारखं बघत होते. आज एखाद्या अपरिचित शहराच्या वेशीवर उभं राहिल्यासारखं बघत होते. मग कॅप्सूल गिळली. मी टाळी वाजवणार होतो, पण भाचीने डोळे वटारले.

“आता ऐका,” तिचा मूळचा आवाज परत आला. “यांना खायला लागतं. चोथा लागतो, पाणी लागतं. तुम्ही उपाशी राहिलात तर आत हे उपाशी. मोजून घेतलेत, आता जबाबदारी तुमची.”

डॉक्टरीणबाईंनी सांगून झालं नव्हतं, बायकोने रडून झालं नव्हतं. पण मोजून ताब्यात घेतलेल्या लोकांना उपाशी ठेवायचं, हे त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी ताटात सालासकट फळ मागून घेतलं. “त्यांच्यासाठी,” असं आम्हाला बजावलं. पेलाभर पाणी प्यायले, त्यांच्यासाठी. एखादा सरकारी अधिकारी छावणीत धान्य वाटतो तसे ते जेवत होते, चव न घेता, कर्तव्य म्हणून. आणि रोज डेअरीपर्यंत पायी जायला लागले. काम काय, तर फेरतपासणी. बहिणीलाही भेटून येऊ लागले.

आणि तरी सकाळी तेच. कडी, शांतता, पडलेली मान. काही दिवस असेच गेले. काकू दाराच्या फटीतून भुवया उंचावून विचारत. आम्ही मान हलवत असू. बायको पुन्हा शर्टाची कॉलर चाचपायला लागली. एकदा सासरे फ्रीजसमोर उभे राहून बाटलीला म्हणताना मी ऐकलं, “तुमचा दोष नाही. आतली यंत्रणाच जुनी आहे.” ही मोजणी वाया गेली तर ते पुन्हा चिमणीच्या भातावर जाणार, आणि मग तिथून त्यांना कोण परत आणणार?

मग एका सुट्टीच्या सकाळी ते आत गेले आणि आम्ही नेहमीसारखे दाराबाहेर पसरायला सुरुवात केली, तोच आतून पाण्याचा लोट कोसळल्याचा आवाज आला. मुलीच्या तोंडातला ब्रश थांबला. पुन्हा एकदा लोट. कडी उघडली. सासरे दारात उभे. चेहऱ्यावर आनंद नव्हता, नुसतं नवल होतं.

“झालं,” ते म्हणाले.

हवा जायच्या झरोक्यातून श्वासवाल्यांचा आवाज खाली आला, “अभिनंदन, बाबा!” या इमारतीत भिंती नाहीत, नुसते पडदे आहेत. सासरे झरोक्याकडे तोंड करून ओरडले, “आपापल्या कामाला लागा!”

तासाभरात श्रेयाच्या वाटण्या सुरू झाल्या. काकूंच्या मते त्यांची पूड उशिरा लागू पडली. श्वासवाल्यांच्या मते मन मोकळं झालं. मी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, “कॅप्सूल असेल, पाणी असेल, चालणं असेल, खाणं असेल. किंवा सगळ्यांनी मिळून. एका माणसावरून काही सांगता येत नाही, भावजी. पण घेताहेत तर महिना पुरा करू द्या.” मला राग येईना. इतक्या मोठ्या गर्दीत नक्की कोणी हात लावला, ते कसं कळणार?

दुपारी पानं वाढली. सासरे भात जेवले, भाजी जेवले, सालासकट फळ खाल्लं, पाणी प्यायले. रोजचा रतीब संपला. आम्ही तिघेही घास हातात धरून त्यांच्याकडेच बघत होतो. बायकोने मला कोपर मारलं आणि कुजबुजली, “बघू नका, लाजतील.” म्हणून तिघांनी भिंतीकडे तोंडं केली. भिंतीकडे बघत आम्ही ऐकत राहिलो.

भांड्यावर डाव वाजला. रिकामा होता तो. त्यांनीच उचलून वाजवला होता.

“बाबा, जंतूंना अजून हवंय का?” बायकोने भिंतीलाच विचारलं.

“त्यांचं झालं,” सासरे म्हणाले. “आता मला वाढ.”